गाण्यातला कोयता आणि हातातला कोयता

२०२५ च्या ऑगस्टमध्ये मडगावलगत मुंगूल इथं टोळ्यांच्या वैरातून धारदार शस्त्रांनी हल्ला झाला. पुढच्याच महिन्यात करंझाळ्यात एका सामाजिक कार्यकर्त्याला दिवसाढवळ्या बेदम मारलं गेलं. गोव्यात टोळ्या आहेत हे तोवर दबक्या आवाजात बोललं जायचं, ते आता उघड चर्चेत आलं. पण ही चर्चा फार लवकर घसरली. टोळीला पैसा कोण पुरवतं, तिच्या डोक्यावर हात कुणाचा, हे प्रश्न बाजूला राहिले आणि बोट गेलं मुलांच्या मोबाइलकडे. पालकसभा असो, देवळातला पार असो की लग्नाची पंगत, सगळीकडे एकच निदान ऐकू येतं: ही रॅपची गाणी पोरांना बिघडवतात, त्यांत बंदुका, कोयते, साखळ्या आणि नोटांची बंडलं दाखवतात, पोरं तसंच करायला जातात, तेव्हा बंदी घाला. उलट बाजूला तरुण मुलं आणि त्यांची बाजू घेणारे काही शिकलेले लोक आहेत. ते म्हणतात, गाण्यानं कुणी बिघडत नाही, ही कला आहे, समाजाचा आरसा आहे, तुम्ही म्हातारे झालात.

मी डिचोली तालुक्यात अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवतो आणि मला हे दोन्ही सूर खोटे वाटतात. टोळीच्या चित्रांचा मुलांवर परिणाम होतो. तो नाकारणं अप्रामाणिकपणाचं आहे. पण ते गाणं फार तर जाहिरात असतं. मुलगा टोळीत शिरतो तेव्हा त्याच्या पायाच्या अंतरावर एखादं दुकान उघडं असतं, त्या दुकानाला पोरं हवी असतात आणि दुकानदाराला गावात मान असतो. दुकान उघडं ठेवून नुसती जाहिरात फाडली तर गिऱ्हाईक कमी होत नाही. आणि गोव्यात आपण नेमकं तेच करू पाहतो आहोत.

आधी बंदीवाल्यांचं जे खरं आहे ते मान्य करू. २००३ साली अमेरिकेत क्रेग अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच प्रयोग प्रसिद्ध केले. पाचशेहून अधिक विद्यार्थ्यांना हिंसक शब्दांची आणि हिंसा नसलेली अशी दोन्ही गाणी ऐकवली. हिंसक गाणी ऐकणाऱ्यांच्या मनात आक्रमक विचार आणि वैरभाव वाढलेला दिसला. ही गाणी रॅपपुरती मर्यादित नव्हती, तरी मुद्दा राहतोच. दुसरी गोष्ट साध्या तर्काची आहे. सिगारेटच्या जाहिराती मुलांना व्यसनाकडे ओढतात म्हणून २००३ च्या कायद्यानं आपण त्या बंद केल्या, आणि त्याचं स्वागत केलं. मग रोज तीन-चार तास कानात घुमणाऱ्या गाण्याचा मात्र काहीच परिणाम होत नाही, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? तिसरी गोष्ट मी वर्गात पाहतो. एखादा मुलगा सुट्टीनंतर परत येतो आणि त्याची चाल बदललेली असते. बोलताना मान तिरकी, हात खिशात, बाकावर बसायचा तोच, पण पाय पसरून. शिक्षकानं नाव घेतलं की लगेच उत्तर द्यायचं नाही, दोन क्षण थांबून मग मान वर करायची. हे त्याला घरी कुणी शिकवलेलं नसतं. ते त्यानं पडद्यावरून उचललेलं असतं आणि आरशासमोर घटवलेलं असतं.

पण चाल बदलणं आणि कुणाच्या अंगावर वार करणं यांच्यामध्ये फार मोठं अंतर आहे, आणि बंदीवाले ते एका उडीत पार करतात. त्या प्रयोगांनी मोजले ते गाणं ऐकल्यानंतरचे लगेचचे विचार आणि भावना. त्या मुलांनी पुढं काय केलं, हे त्यांनी मोजलं नाही. गाण्यातून सरळ गुन्हा निपजत असता तर अमेरिकेत १९९० चं दशक रक्तरंजित व्हायला हवं होतं, कारण गँगस्टर रॅप तिथं घराघरांत पोचला तो त्याच दशकात. टुपाक शकूर १९९६ मध्ये आणि नोटोरियस बी.आय.जी. १९९७ मध्ये, असे दोन नामवंत रॅपर गोळ्या लागून मेले, तेव्हा हे संगीत देशाचा नाश करणार असं तिथल्या खासदारांपासून पाद्र्यांपर्यंत सगळे सांगत होते. प्रत्यक्षात १९९१ मध्ये तिथं लाखामागे ९.८ खून होत होते, ते २००० साली ५.५ वर आले. यावरून गाणी निरुपद्रवी ठरत नाहीत हे मलाही कळतं. पण ‘गाणं वाढलं की गुन्हा वाढतो’ एवढं सोपं समीकरण यानंतर टिकत नाही.

आपल्या जवळचं उदाहरण पंजाबचं. जुलै २०१९ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं दारू, अमली पदार्थ आणि हिंसेचं उदात्तीकरण करणारी गाणी वाजू नयेत, अगदी थेट कार्यक्रमांतही वाजू नयेत, याची जबाबदारी पोलिसांवर टाकली. तीन वर्षं पुरी व्हायच्या आत, २९ मे २०२२ रोजी, पंजाबी गायक सिद्धू मूसेवाला मानसा जिल्ह्यातल्या जवाहरके गावात गोळ्या घालून मारला गेला. त्याच्या गाण्यांत बंदुका होत्या हे खरं. पण ज्यांनी त्याला मारलं ती टोळी गाणी ऐकून तयार झाली होती का? विद्यार्थी राजकारण, खंडणी, तुरुंगात बसून चालवलेले धंदे आणि बाहेरून येणारी शस्त्रं यांतून ती उभी राहिली होती. किंबहुना तिथं टोळ्याच संगीताच्या धंद्यात शिरल्या, कारण त्या धंद्यात पैसा होता आणि गायकांकडून खंडणी उकळता येत होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पंजाब सरकारनं शस्त्रांचं प्रदर्शन आणि बंदुकांचा गौरव करणारी गाणी यांवर पुन्हा बंदी आणली. पहिला आदेश पुरेसा ठरला असता तर दुसऱ्याची गरज का पडली असती?

बंदीच्या मागणीत आणखी एक गोष्ट लपलेली असते आणि ती मला जास्त अस्वस्थ करते. कॅरी फ्राइड या अमेरिकन संशोधिकेनं १९९० च्या दशकात एक प्रयोग केला. १९६० च्या सुमाराच्या एका जुन्या लोकसंगीताच्या गाण्याचे शब्द तिनं लोकांना वाचायला दिले. गाण्यात निवेदक कायद्याच्या रखवालदाराला गोळी घालतो. काहींना सांगितलं हे कंट्री संगीत आहे, काहींना सांगितलं हा रॅप आहे. शब्द तेच, स्वल्पविरामही तेच. ज्यांना रॅप म्हणून दिले त्यांना ते जास्त आक्षेपार्ह, जास्त धोकादायक वाटले आणि यावर सरकारनं काही तरी करावं असं जास्त वाटलं. आता हा प्रयोग मनातल्या मनात गोव्यात करून पाहा. पर्वरीच्या सोसायटीतला मुलगा गळ्यात जाड साखळी घालून हुडी चढवून रील करतो तेव्हा आपण म्हणतो, वय आहे. झुआरीनगरच्या किंवा चिंबलच्या वस्तीतला मुलगा तेच करतो तेव्हा आपण म्हणतो, हा पुढं जाऊन भाई होणार. त्यातही त्याचे आईबाप कर्नाटकातून किंवा महाराष्ट्रातून पोटासाठी आलेले असतील तर ‘घाटी’ म्हणून निकाल आधीच लागलेला असतो. आपण मराठी बोलणाऱ्यांनी तरी या शब्दाचा डंख विसरू नये. गाण्याविरुद्धची मोहीम सुरू होते, तेव्हा तिचे चटके कुणाला बसतात हे आधी विचारायला हवं.

आता दुसऱ्या बाजूकडे, कारण तिचाही युक्तिवाद मला पुरेसा प्रामाणिक वाटत नाही. ‘हा समाजाचा आरसा आहे’ असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, कुठल्या समाजाचा? न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्समध्ये १९७० च्या आसपास वस्तीतून महामार्ग काढून मोहल्ले तोडलेले होते, विम्याच्या पैशासाठी मालक स्वतःच्या इमारती जाळत होते आणि गल्लोगल्ली टोळ्या होत्या. डिसेंबर १९७१ मध्ये दोन टोळ्यांत समेट घडवायला गेलेला ‘ब्लॅक बेंजी’ नावाचा तरुण मारला गेला. त्याच्या टोळीनं सूड घ्यायचं नाकारलं आणि ‘हो अव्हेन्यू’ नावाच्या रस्त्यावर सगळ्या टोळ्यांची बैठक बोलावून तह केला. त्या तहामुळं पोरांना एकमेकांच्या गल्लीत जाता येऊ लागलं. दोन वर्षांनी, ११ ऑगस्ट १९७३ ला, सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीनं एक पार्टी ठेवली. शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायला तिला पैसे हवे होते. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ होता, त्याला पुढं जग डीजे कूल हर्क म्हणून ओळखू लागलं. हिप-हॉपचा जन्म लोक या रात्रीपासून मोजतात. म्हणजे हे संगीत टोळीतून बाहेर पडायची वाट म्हणून सुरू झालं. ज्या पोरांनी आधी चाकू काढले असते ती पोरं नाचण्यात आणि शब्दांत एकमेकांना हरवू लागली.

मग त्यात बंदूक एवढी मोठी कशी झाली? १९८० च्या दशकाच्या शेवटी लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमधली मुलं पोलिसांच्या जुलमाबद्दल आणि क्रॅक कोकेनच्या धंद्याबद्दल गायली, ती त्यांची साक्ष होती. अमेरिकेच्या एफबीआयनं १९८९ मध्ये त्यांच्या रेकॉर्ड कंपनीला पत्र धाडलं, यावरूनच त्या साक्षीचा दणका कळतो. पण साक्ष खपते हे कंपन्यांना कळल्यावर तिचा माल झाला. शंभर गाण्यांत शेजाऱ्याचं, आईचं, नोकरीचं, प्रेमाचं गाणं असतं. पुढं ढकललं जातं ते बंदुकीचं. आज ते काम रेकॉर्ड कंपनीच्या साहेबाऐवजी मोबाइलमधलं गणित करतं, एवढाच फरक. फोंड्याचा मुलगा धावत्या गाडीतून गोळ्या झाडल्याचं गातो तेव्हा तो कुणाचा आरसा असतो? त्यानं ती गल्ली पाहिलेली नाही, ती बंदूक पाहिलेली नाही. त्याच्याकडे पोचला तो विक्रीसाठी निवडलेला, कापून-छाटून चकचकीत केलेला तुकडा. त्या तुकड्यात कोर्टाच्या तारखा नसतात. कोलवाळच्या तुरुंगाबाहेर भेटीच्या वेळेची वाट पाहत उभी असलेली आई नसते. मेरशीच्या ‘अपना घर’मध्ये पंधरा वर्षांच्या पोराला पहिल्या रात्री काय वाटतं, तेही नसतं. हिंसा दाखवण्यापेक्षा हिंसेचा शेवट कापून टाकणं, हा या चित्रांचा खरा दोष आहे.

आणि त्या चित्रांची किंमत पुढं मोजावी लागते. शिकागोत ड्रिल, म्हणजे टोळ्यांच्या वैरावर बेतलेला रॅप, करणाऱ्या मुलांमध्ये काही वर्षं वावरून समाजशास्त्रज्ञ फॉरेस्ट स्टुअर्ट यांनी अभ्यास केला. त्यांना दिसलं की व्हिडिओतली बरीचशी गुंडगिरी बनवलेली असते. बंदूक उसनी, गाडी दुसऱ्याची. लक्ष वेधून घ्यायचं आणि गरिबीतून सुटायचं, एवढीच धडपड. पण एकदा ‘मी असा आहे’ म्हणून जगाला सांगितलं की कुणीतरी दारात येऊन म्हणतो, असशील तर दाखव. मग नाही म्हणायची सोय उरत नाही. ज्याला घाबरून घरात बसायची मुभा होती त्यानं ती स्वतःच गमावलेली असते. माझ्या मते मुलांशी बोलायचं असेल तर हे बोलायला हवं. ‘हे घाण आहे, ऐकू नको’ असं म्हटलं की मुलगा कानात इअरफोन आणखी घट्ट बसवतो. ‘हे बोललास, आता उद्या कुणी खरं करून दाखव म्हणाला तर काय करशील?’ असं विचारलं तर तो विचारात पडतो. मी विचारून पाहिलं आहे.

साखळी गावाच्या बाजूचा, अकरावीतला एक मुलगा. त्यानं मधल्या सुट्टीत बाकावर ताल धरून मित्रांना दोन कडवी ऐकवली. पहिलं हिंदीत होतं आणि त्यात ते सगळं होतं: गन, गँग, गाडी, दुश्मन. मित्रांनी शिट्ट्या मारल्या. दुसरं मराठीत होतं, वहीच्या मागच्या पानावर लिहिलेलं, खाडाखोड केलेलं. ते मी त्याच्याकडून मागून घेऊन वाचलं.

ट्रक आमचा दारात, टायरात वाढलं गवत
हप्त्याची चिठ्ठी आली की बाबा जेवत नसत

या दोन ओळींत आमच्या तालुक्याचा पंधरा वर्षांचा इतिहास आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर खाणी थांबल्या. पुन्हा सुरू होतात न होतात तोच फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चमध्ये सगळं पुन्हा ठप्प झालं. बेकायदा खाणकामानं इथल्या शेतांची आणि पाण्याची वाट लागली होती, ते थांबायलाच हवं होतं. पण ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले त्यांच्या दारात ते गंजले, आणि त्या घरांत नऊ-दहा वर्षांची असलेली मुलं आज माझ्यासमोर बसतात. या मुलानं दुसरं कडवं रील म्हणून टाकलं नाही. पहिलं टाकलं. का, असं विचारल्यावर म्हणाला, ‘‘सर, ट्रकाचं कोण बघणार?’’ गाण्यांनी त्याचं नुकसान केलं असेल तर ते हे आहे. हातात शस्त्र देण्यापर्यंत ती पोचली नाहीत, पण त्याचं स्वतःचं आयुष्य गाण्यासारखं नाही अशी त्याची खात्री मात्र त्यांनी करून दिली.

हिंसेचं चित्र मुलांपुढं येऊच नये, असं आपल्याकडं कधीच नव्हतं. शिगम्याला डिचोली-सत्तरीत घोडेमोडणी पाहा. कमरेला लाकडी घोडा, त्यावर रंगीत झूल, डोक्याला फेटा, पायांत घुंगरू, डाव्या हातात लगाम आणि उजव्या हातात नंगी तलवार. ढोल-ताशा-कांसाळ्यांच्या गजरात ते पुढं येतात, मागं जातात, तलवारी वर उचलतात, आणि बापाच्या खांद्यावर बसलेलं चार वर्षांचं पोर ते डोळे विस्फारून बघत असतं. पोवाड्यात अफजलखानाचा कोथळा निघतो, आणि तो पोवाडा आपण स्नेहसंमेलनात पाचवीतल्या मुलाकडून म्हणवून घेतो. सत्तरीच्या कुष्टोबा राण्याला पोर्तुगीज सरकार दरोडेखोर म्हणत होतं. लोकांनी त्याच्यावर गाणी रचली. राण्यांच्या बंडाची दहशत तर दुलपदांत आली आणि ख्रिस्ती घरांतल्या लग्नांत नाचून गायली गेली. मग तलवारीत आणि कोयत्यात फरक काय?

इथं कुणी म्हणेल, ती हिंसा अन्यायाविरुद्धची होती, ही नुसती मस्तीची आहे. काही अंशी खरं आहे. पण सगळं उत्तर त्यात येत नाही, कारण कुष्टोबाबद्दल त्या काळच्या गावकऱ्यांचंही एकमत नव्हतं. मला फरक दिसतो तो मांडाचा, म्हणजे गावानं एकत्र जमून खेळ करायच्या ठरलेल्या जागेचा. शिगम्याची तलवार मांडावर उचलली जाते. आधी नमन होतं, जाणती माणसं बाजूला उभी असतात, कुणी कुठं थांबायचं हे ठरलेलं असतं, आणि शिगमो संपला की तलवार घरी जाते. पाहणारं पोर एकटं नसतं. ते कोणाचं कोण हे सगळ्यांना माहीत असतं. इअरफोनमधल्या बंदुकीला मांड नाही. रात्री एक वाजता अंथरुणात मुलगा एकटा आणि ती एकटी. त्याच्या कानात काय चाललं आहे हे विचारणारं कुणी नाही, आणि त्यानं स्वतः काही रचलं तर ‘हे खोटं वाटतं रे’ म्हणायला कुणी वडीलधारं नाही.

बंदीनं हा मांड तयार होत नाही. उलट ती तो मोडते. गोव्याला हे कुणी सांगायला नको. १७३६ मध्ये इन्क्विझिशननं, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयानं, जो फतवा काढला त्यात लग्नातल्या ओव्या गाण्यावरही बंदी होती. जुना धर्म सोडलेल्या लोकांच्या तोंडी त्या राहू नयेत म्हणून. त्या फतव्याला पावणेतीनशे वर्षं होऊन गेली, इन्क्विझिशन गेलं, पोर्तुगीज गेले, ओवी काही गोव्यातून गेली नाही. इंग्रजांनी १८७६ मध्ये नाटकांवर लगाम घालणारा कायदा आणला आणि पुढं खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी घातली. रंगमंचावरच्या मारामारीची त्यांना भीती नव्हती. कीचकात लोकांना व्हाइसरॉय कर्झन दिसत होता याची होती. सेन्सॉरची कात्री कुठं चालते हे यातून कळतं. २०२३ मध्ये महाराष्ट्रात राज मुंगासे या मराठी रॅपरवर गुन्हा दाखल झाला तो कोयत्याच्या गाण्यासाठी झाला नव्हता. राजकीय फोडाफोडीवर टीका केली म्हणून झाला. बंदुकीची हिंदी-पंजाबी गाणी त्याच काळात लग्नाच्या वरातीत डीजेवर वाजत होती आणि वरातीला आमदार हजर होते. लंडनमध्ये २०१९ साली दोन ड्रिल रॅपरांना फक्त एक गाणं सादर केलं म्हणून नऊ महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. तिथले चाकूहल्ले त्यानं थांबले नाहीत. उद्या गोव्यात असा कायदा झाला तर पहिला पकडला जाईल तो कॅसिनोवर, जमिनीच्या सौद्यांवर, मंत्र्यांच्या नातलगांवर रॅप करणारा पोरगा. याबद्दल मला तीळमात्र शंका नाही.

याचा अर्थ पोलिसांनी हात बांधून बसावं असा नाही. खऱ्या माणसाचं नाव घेऊन, खरं हत्यार हातात धरून, मागं गाणं लावून कुणी रील टाकत असेल तर ती धमकी आहे. पुण्यात कोयता नाचवत दहशत घालणाऱ्या पोरांनी हा प्रकार किती वाढवला हे सगळ्यांनी पाहिलं. त्यासाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३५१ आहे, संघटित गुन्हेगारीसाठी कलम १११ आहे, शस्त्रांसाठी १९५९ चा कायदा आहे. ते वापरा. त्यात संगीताचा प्रश्न येत नाही.

आता दुकानाबद्दल. गोव्यातल्या सतरा वर्षांच्या मुलाला बळाचा धडा कुठं मिळतो? जून २०२४ मध्ये आसगावात बाउन्सर आणि जेसीबी नेऊन एका कुटुंबाचं राहतं घर पाडायला घेतलं गेलं. ते त्यानं बातम्यांत पाहिलं. डिसेंबर २०२४ मध्ये जमीन हडपण्याच्या प्रकरणांतला आरोपी गुन्हे शाखेच्या कोठडीतून पळाला, आणि त्याला बाहेर काढणारा पोलीस शिपाईच निघाला. त्या शिपायाला बडतर्फ केलं गेलं, पण मुलाच्या मनावर उमटायचं ते उमटलं. त्याच्या वाड्यावर मटका कोण घेतो हे त्याला ठाऊक आहे, आणि हप्ता कुठं जातो हेही तो सांगू शकतो. किनाऱ्यावर अमली पदार्थ कोण पोचवतं, थकलेल्या हप्त्याच्या गाड्या ओढून आणायला कुठल्या पोरांना नेतात, निवडणुकीच्या आदल्या रात्री मोटारसायकलींचा ताफा कुणाच्या दारातून निघतो, हे सगळं त्याला माहीत आहे. आणि या लोकांना गावच्या जत्रेत पहिल्या रांगेत खुर्ची मिळते, हार मिळतो, देणगीदार म्हणून फलकावर नाव मिळतं. गाण्यातला भाई दूर शिकागोत आहे. हा भाई हात पुढं करून ‘काय रे, कॉलेज झालं का? काम पाहिजे का?’ म्हणून विचारतो. कुठला परिणाम जास्त होईल असं तुम्हाला वाटतं? पर्वरीच्या मुलावर आणि वस्तीतल्या मुलावर एकाच गाण्याचा वेगवेगळा परिणाम होतो, असं पालक सांगतात आणि ते बरोबर सांगतात. पण गाणं तर दोघांचं एकच आहे. वेगळं आहे ते दाराबाहेर कोण उभं आहे, हे.

म्हणून गाण्याविरुद्ध निवेदन घेऊन मामलेदाराकडं जाणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे: त्या निवेदनात मटक्याच्या जागेचं नाव लिहा. जत्रेच्या समितीत बसता तर पहिल्या रांगेतली ती खुर्ची काढा. हे अवघड आहे, त्यात धोका आहे, मला मान्य आहे. रॅपवर बंदी मागायला कसलाच धोका नाही, आणि ती मागणी एवढी लोकप्रिय का आहे, याचं उत्तरही त्यातच आहे.

आणि सरकारकडं मागायचंच असेल तर मांड मागा. कला अकादमी भजनी मंडळांच्या स्पर्धा घेते, नाट्यस्पर्धा घेते. त्या स्पर्धांनी गावोगावच्या पोरांना पखवाज आणि पेटीला बसवलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. साखळी, कुडचडे, मडगाव, बायणा इथं रवींद्र भवनं आहेत, त्यांत ध्वनिव्यवस्था आहे. तिथं महिन्यातून एक संध्याकाळ रॅपला द्या. मराठी, कोंकणी, हिंदी, कन्नड, जी भाषा घरात बोलतात ती चालेल. एकच अट ठेवा, जे लिहायचं ते आपल्या वाड्याबद्दल लिहायचं. परीक्षकांत एक भजनी बुवा असू दे, एक तियात्रिस्त, म्हणजे कोंकणी तियात्र नाटकांतला कलाकार, असू दे, आणि एक रॅपर, ज्याचं पोरं ऐकतील. शब्द आधी तपासायला मागू नका. कुणी भलतंच गायलं तर? गाईल. बंदूक काढेल, गँग काढेल. पण समोर त्याच्याच वाड्यावरची माणसं बसलेली असतील, त्यांतला कुणी उठून ‘तुझी गँग कुठली रे, नाव सांग’ म्हणेल, आणि त्याला पुढच्या कडव्यात त्याचं उत्तर द्यावं लागेल.